तिसऱ्या हाकेला उठायचं

सोमवार, ता. २

देवाच्या कृपेने आज नव्या घरात पाऊल पडलं. घर म्हणजे पंपघराचं क्वार्टर, पण आमच्या मानाने राजवाडाच. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर व्हरांडा आणि ओट्याशी सकाळचं ऊन येणारी खिडकी. लाल फरशी इतकी गुळगुळीत, की आधीच्या बाईने ती गुडघे टेकून टेकून पुसलेली असणार. तिला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

टेम्पोवाल्याने माझे डबे मोजले आणि विचारलं, की बाई घर हलवताहेत की वाण्याचं दुकान. मी म्हटलं, दुकान असतं तर तुझ्याशी भाड्यावरून अर्धा तास वाद कशाला घातला असता. हसला, पण कमी काही केलं नाही.

ह्यांना इथे रात्रपाळी. दहाला पंप सुरू करायचे, टेकडीवरची टाकी भरली की दोनला बंद करायचे, मग सहापर्यंत वॉल्व्ह सांभाळत बसायचं. पंपघर घरापासून शंभर पावलांवर. त्याची घरघर थेट उशीत ऐकू येते. मला ती आवडली. घरात कुणी मोठं माणूस जागं असल्यासारखं वाटतं.

भिंतीला भिंत लागून शिवणवाली राहते. तिचा नवरा ह्यांच्याच पंपघरात दिवसपाळीला. सामान उतरेपर्यंत तिने दोनदा चहा पाजला. तोंडाची फटकळ आहे, पण हात देणारी दिसते.

जुन्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, की रात्री दुखणं किती वाजता उठतं, कुठे उठतं आणि दहापैकी किती, हे रोज लिहायचं आणि नव्या ठिकाणी दाखवायचं. हिशोब लिहायची सवय मला मॅट्रिक झाल्यापासूनची. हाही एक हिशोबच. नवी वही घेतली नाही. ही जवळजवळ कोरीच होती, तीच उलटी करून मागून सुरू केली. पुढची लिहिलेली तीन पानं फाडणार होते, पण वही मधोमध शिवलेली असते. पुढचं पान फाडलं की मागचं कोरं पान सुटून हातात येतं. म्हणून ती तीन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली. त्यांत आता कामाचं काही नाही.

रात्र: बोटं आणि मनगटं. दहापैकी चार. घर लागल्याच्या आनंदात तीनच धरते.

मंगळवार, ता. ३

लोक म्हणतात दुखणं हत्तीच्या पावलाने येतं. माझं तसं नाही. दिवसभर त्याचा पत्ता नसतो. अंधार पडला की मुंगीच्या पावलाने येतं आणि सांध्यासांध्यात वारूळ करून बसतं. सात महिने त्याच्याशी संसार करते आहे, त्यामुळे त्याच्या खोडी मला ठाऊक आहेत.

सगळी झाकणं दुपारीच सैल करून ठेवायची. रात्री तहान लागली तर बोटं तांब्याभोवती वळत नाहीत, म्हणून कानाचा पेला भरून उशाशी. मधल्या दाराच्या कडीला चिंधी बांधायची, म्हणजे चिमटीत न धरता कोपराने ओढता येते. पेन्सिलीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली आहे. शेकायला वाळूची पुरचुंडी. तवा गरम असतो तोवरच ती तापवून घ्यायची, म्हणजे वेगळा गॅस जळत नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी. आणि तोंडाने देवाचं नाव.

ह्यांनी आज माझी ही सगळी मांडामांड पाहिली आणि म्हणाले, की तू रात्री झोपायला जातेस की लढाईला. मग म्हणाले, की आईलाही असं सगळं करून द्यायचीस ना तू.

मी हो म्हटलं.

रात्र: बोटं. चार.

गुरुवार, ता. ५

दवाखान्यात जाऊन आले. इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला मोकळ्या. मी मोठी तक्रार करून आल्यासारखी शरमत होते. म्हटलं, लोकांना वाटतं मी सोंग करते. दिवसा बादल्या उचलते आणि रात्री कण्हते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की या आजाराचं तेच तर लक्षण आहे. रात्री शरीर शांत झालं की सांध्यांची सूज जागी होते. आणि आज इथे तर उद्या तिथे, अशी जागाही बदलते. त्यांच्याकडे एक आजोबा येतात, म्हणे, दिवसा नातवंडांना खांद्यावर घेतात आणि रात्री कूस बदलायला माणूस लागतं. अशांना घरच्यांनी खोटं ठरवणं हे दुखण्यापेक्षा वाईट, असं म्हणाल्या.

मी मान हलवली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

हे बाहेर बाकावर एका गृहस्थांशी बोलत होते. सासूबाईंचंच सांगत होते. आठ महिने झाले, पण कुणी भेटलं की ह्यांचं सुरू होतं, की आमची आई पुण्यवान, झोपेतच गेली, रात्रभर एक हाक नाही मारली. असं सांगताना ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो.

घरी येताना चालवेना. ह्यांनी हात धरला. मला तो हात जड वाटला.

रात्र: मनगटं, कोपर. पाच. झोप लवकर लागली नाही, पण ती दुखण्याने नव्हे.

रविवार, ता. ८

काल रात्री पंप थांबले आणि घर एकदम रिकामं झालं. इतके दिवस मी त्या वेळी झोपेत असायचे. काल जागी होते. घरघर बंद झाल्यावर कानांत जी शांतता बसते, ती कापसासारखी असते. त्या शांततेत कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज, म्हातारा. शब्द नीट कळले नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

मग काही नाही.

शेजारीपाजारी कुणी म्हातारं माणूस आजारी असेल, म्हणून मी त्यांच्यासाठी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात दोन्ही टाचांत अशी कळ आली, जणू तापल्या तव्यावर उभी राहिले आहे. टाचा मला कधी दुखल्या नव्हत्या.

रात्र: दोन वाजून पाच मिनिटं. टाचा. सहा.

सोमवार, ता. ९

पुन्हा दोन हाका. कळ वर घोट्यांत आली.

सकाळी शिवणवालीला विचारलं, की इकडे कुणाकडे म्हातारं माणूस आहे का. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाली, की मीच तुम्हांला विचारणार होते. शाळेच्या गणवेशांचं काम आहे म्हणून ती रात्री दोन-अडीचपर्यंत जागी असते. भिंतीतून तिला सगळं ऐकू जातं. म्हणाली, एक मुलगी आहे सांगितलंत, मग ही सून कुठून काढलीत? दोन रात्री झाल्या, “सूनबाई, अगं सूनबाई” म्हणून हाका मारताय. आणि वर हसून म्हणाली, की हाक मारायची तर जिवंत माणसाला तरी मारा, मला मारा, मी चहा घेऊन येते.

मीही हसले. म्हटलं, झोपेत बडबडत असेन.

मला सून नाही. मला सूनबाई म्हणणारं एकच माणूस होतं.

रात्र: घोटे. सहा.

मंगळवार, ता. १०

डावा गुडघा. सात.

सकाळी हे झोपल्यावर वही घेऊन मोरीत बसले आणि दार लावून घेतलं. चिकटवलेली पानं केसातल्या पिनेने हळूहळू सोडवली. खळ कोरडी पडली होती, खपलीसारखी निघाली. माझंच अक्षर, सुबक, रकाने आखलेले. वेळ, हाका, सासूबाईंना कुठे दुखतं, मी गेले की नाही.

पहिली रात्र: टाचा.
दुसरी रात्र: घोटे.
तिसरी रात्र: डावा गुडघा.

अकरा रात्री आहेत. बाराव्या ओळीला फक्त अंक घातला आहे, पुढे कोरं.

ही वही मी वन्संना दाखवण्यासाठी लिहिली होती, हे आता लिहून टाकते. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी फोनवर टोमणा मारला होता, की आईला म्हणे पाण्यासाठी हाका माराव्या लागतात, घरात माणसं आहेत ना? मला लागलं. रात्री तीनतीनदा उठून, सकाळी पाचला पाणी भरणारी मी. म्हटलं, पुराव्यानिशी दाखवते. बाई दिवसा ठणठणीत, दुपारी पत्ते खेळतात, आणि रात्री दोन वाजले की रोज नवी जागा दुखते. आज टाच, उद्या घोटा. दुखणं आहे की मुक्कामाला आलेला पाहुणा, की रोज खोली बदलतो? हे वाक्य मी वन्संना ऐकवायला पाठसुद्धा करून ठेवलं होतं.

आज ते वाक्य आठवतं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंही.

पानं पुन्हा चिकटवायला खळ करायला हवी. बोटं वळत नाहीत. उद्या करीन.

बुधवार, ता. ११

उजवा गुडघा. सात. चौथ्या ओळीत उजवा गुडघाच आहे.

त्या तिसऱ्या रात्री मी दमले होते. दोन हाका आल्या, पण अंग उठेना. आणि तिसरी हाक आलीच नाही. सकाळी सासूबाई बऱ्या होत्या. म्हणजे दोन हाकांना गेलं नाही तरी त्यांचं भागतं, असं मी गणित मांडलं. काटकसर माझ्या हाडात आहे. तेल वाचवते, साबणाचे तुकडे जोडून वापरते. तशी झोप वाचवायला निघाले. चौथ्या ओळीच्या वर मी नियम लिहिला आहे आणि त्याखाली रेघ ओढली आहे:

दोन हाकांना जायचं नाही. तिसऱ्या हाकेला उठायचं.

खरी गरज असेल तर माणूस तिसऱ्यांदा हाक मारतंच, असं वाटलं होतं.

त्यांना कधीतरी तो नियम कळला असणार. सहाव्या रात्रीपासून त्या पहिल्या दोन हाका घाईघाईने मारायच्या, आणि तिसरी सावकाश, आशेने. मी ते ओळखलं होतं. मला त्याचं हसू आलं होतं.

गुरुवार, ता. १२

खुबा. आठ. कूस बदलता येत नाही.

दोन्ही हाका ऐकल्या. आवाज लांबून येत नाही. खोलीतून येतो. उशीतून. त्याहून जवळून.

देवापुढे बसून सगळं सांगितलं. गेल्या आठ महिन्यांत कितव्यांदा, मोजलं नाही. देव ऐकून घेतो, उलट विचारत नाही, म्हणून तिथे सांगणं सोपं. ज्यांची आई होती, त्यांना सांगायला पाहिजे. अकरावी रात्र यायच्या आत सांगितलं तर हे थांबेल, असं मनाने घेतलं आहे. ह्यांच्यासमोर चहा ठेवला, तोंड उघडलं. हे म्हणाले, की तुझ्या डोळ्यांखाली आईसारखी काळी वर्तुळं आलीत. मी म्हटलं, साखर कमी पडली का बघा.

शुक्रवार, ता. १३

कंबर. आठ.

ह्यांना सांगता येत नाही, तर निदान लिहिते. दवाखान्यासाठी फक्त आकडे वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही कुणाच्या हाती पडायची नाही.

अकरावी रात्र. तिथेही ह्यांची रात्रपाळीच होती. घरात मी आणि त्या. मधलं दार लावलेलं. माझ्या कॉटपासून त्यांच्या कॉटपर्यंत सहा पावलं. मी नंतर मोजली.

दोन वाजून पाच मिनिटांनी पहिली हाक. मी जागीच होते. दिवा लावला, वेळ लिहायची म्हणून. पाय खाली सोडले. चपला घातल्या. उठून दाराशी जाऊन उभीसुद्धा राहिले. दोन वाजून वीस मिनिटांनी दुसरी. ती नेहमीसारखी नव्हती. सूनबा, एवढीच. अर्ध्यात बसली. मी पेन्सिल हातात धरून तिसरीची वाट बघत होते. कडीवर हात होता.

अडीच. पावणेतीन.

वाटलं, झोपल्या. बरं वाटलं. तेही लिहिते, बरं वाटलं. चपला काढून, दिवा घालवून निजले. झोप छान लागली.

सकाळी त्यांचं तोंड दाराकडे वळलेलं होतं. एक हात कॉटच्या कडेवरून खाली, फरशीकडे. डोळे दाराच्या खालच्या फटीला लागलेले. त्या फटीतून माझा उजेड त्यांना दिसला असणार. आणि उजेडात माझी दोन पावलं.

ह्यांना मी सांगितलं, झोपेत गेल्या, एक हाक नाही मारली.

वन्संना वही दाखवलीच नाही. जाळलीही नाही. तिची मागची पानं कोरी होती.

शनिवार, ता. १४, सकाळ

काल रात्री उपाय केला. पंप थांबायच्या आधी तोंडात पाण्याचा घोट धरून बसले. म्हटलं, हाक माझ्या तोंडातून येत असेल तर पाणी येऊ देणार नाही. टाकी भरली, पंपांची घरघर विरली. मी ओठ घट्ट मिटले होते. ते उघडले. मी उघडले नाहीत, उघडले गेले. पाणी गळ्यावरून चोळीत उतरलं आणि मला माझ्या छातीत तो आवाज थरथरताना कळला. तोंड माझं, हाक त्यांची.

बरगड्या. नऊ. शिवणवालीने भिंतीवर ठोकून विचारलं, की येऊ का. मी नको म्हटलं. दोनच हाका होत्या.

आज अंथरुणातून उठवेना. औषध घेऊन पडते –

त्याच दिवशी, संध्याकाळ

जागी झाले तर वही उशाशी नाही.

ह्यांनी नेली. मी गाढ झोपले होते, उठवायचं जिवावर आलं, म्हणून दवाखान्यात हेच गेले, आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायला वहीच घेऊन गेले. तिथे गर्दी होती, म्हणाले. दोन तास बाकावर बसावं लागलं.

दोन तास.

वही परत उशाशी ठेवली. सुटी झालेली पानं नीट सरळ करून. गोळ्या वाढवून दिल्यात, म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत.

रविवार, ता. १५

खांदे. नऊ.

हे काही बोलत नाहीत. रागाने नाही. राग असता तर बरं होतं. वाळू तापवून देतात, पुरचुंडी स्वतःच्या गालाला लावून बघतात, फार गरम नाही ना. पेला भरतात. झाकणं सैल करतात. सगळं मी सासूबाईंचं करायचे तसं. अगदी तसंच. माझं काही चुकलं नव्हतं, फक्त –

आज कुणालाही आई पुण्यवान म्हणून सांगितलं नाही. मुलीचा फोन आला, तिने आजीचा विषय काढला, तर हे म्हणाले, की जाऊ दे.

सोमवार, ता. १६

मान. वळत नाही. आकडा लिहीत नाही.

शिवणवाली सांगून गेली, की नशीब काढलंत. तुमच्या मालकांनी आमच्या ह्यांच्याशी पाळी बदलून घेतली. आता दिवसपाळी, रात्री घरी. बायकोला रात्री हाक मारायला माणूस पाहिजे, असं म्हणाले, म्हणे. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. गणवेशांचं काम संपलं, आता तीही लवकर निजेल.

ह्यांनी स्वतःची कॉट बाहेरच्या खोलीत लावली. माझ्या हालचालीने झोपमोड होते म्हणून. मधलं दार ओढून घेतलं. दाराबाहेरून म्हणाले, की लागलं तर हाक मार. मी आहेच.

चिंधी कडीची काढलेली आहे. धुवायला टाकली असेल.

मंगळवार, ता. १७

जबडा. घास चावत नाही. काल दोन हाका मारल्या – मी की त्या – हे आले नाहीत. सकाळी विचारलं. म्हणाले, ऐकल्या. पण मग गप्प झालीस. वाटलं, झोप लागली.

दहा ओळी झाल्या.

दुपारी सगळा जीव एकवटला. हे पायांना तेल लावत होते. म्हटलं, तुम्हांला एक सांगायचंय. आईंचं. ह्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, की बोलू नकोस, जबडा दुखेल. लिहिलंयस ना सगळं.

मी म्हटलं, क्षमा करा.

तेल संपेपर्यंत चोळत राहिले. मग म्हणाले, की ती हाक मारायची तेव्हा तुला खात्री नसायची ना, खरं दुखतंय की नाही. मलाही नाही.

हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. रडत होते बहुतेक. एरवी थेंब वाया जाऊ देत नाहीत.

मंगळवार रात्र

पंप थांबले.

छाती. मोठा दगड ठेवल्यासारखी. डावा हात –

पहिली हाक मारली. माझी मी. अहो, म्हणून मारली. कानांवर आलं ते सूनबाई.

पेन्सिल जाड आहे म्हणून धरता येते.

बाहेर दिवा लागला. दाराखाली उजेड. देवा, येताहेत –

चपलांचा आवाज. दाराशी.

थांबला.

फटीत दोन पावलं दिसताहेत. मान वळते आता, दाराकडेच वळते. हात खाली गेलाय. वही फरशीवर.

कडी वाजली नाही.

दुसरी हाक. अर्धीच आली.

पावलं हलत नाहीत. वाट बघताहेत. मला माहीत आहे ती कशी बघायची असते. हात कडीवर असेल.

रागावले नाहीत. फक्त मोजताहेत.

एकच पाहिजे. एकच. श्वास पुरत नाही. थोडा गोळा करते. सहा पावलं. त्यांनीही गोळा केला असेल, सासूबाईंनी, फटीकडे बघत, तिसरीसाठी, मी तिथे आहे हे दिसत असताना –

आता मारते. आता –

सू